सेन्सर तुमच्या पुलावर नको, वरच्या गावात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले भोगावतीकाठचे एक गाव. पावसाळ्यात मोबाइलवर कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज येते, वरच्या राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले तेही येते. पण आपल्या पुलावर पाणी कधी येणार, नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी कधी काढायच्या, हे काही त्यातून कळत नाही. म्हणून तरुण मंडळाने वर्गणीतून तीसेक हजार रुपये जमवलेत. पुलाला सेन्सर लावायचा, पातळी आणि क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी जाते तो आकडा) दोन्ही मोबाइलवर बघायचे. तर सेन्सर कोणता घ्यावा?

सेन्सरचे सांगतो, पण शेवटी. मी नोकरीची तीसेक वर्षे कृष्णा खोऱ्यात नदीचे पाणी मोजण्यात घालवली. सुरुवातीला होडीत बसून करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजायचे यंत्र, सोडायचो, निवृत्त होईतो रडारचे डबे पुलाला लागले. एवढ्या वर्षांत वाईट सेन्सरमुळे वाया गेलेली नोंद मी कमी पाहिली. पातळी वाचायच्या पट्टीचे शून्य हललेले कुणाच्या लक्षात आले नाही म्हणून वाया गेलेली नोंद भरपूर पाहिली.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. पाणी आत्ता किती उंच आहे, ही झाली पातळी. दर सेकंदाला किती पाणी पुढे जातेय, हा विसर्ग. आणि आणखी सहा तासांनी पाणी कुठवर येईल, हा अंदाज. सेन्सर फक्त पहिले सांगतो. तुम्ही मागताय दुसरे. तुम्हाला खरे हवेय तिसरे. मोटार काढायला क्युसेक लागत नाहीत, वेळ लागतो.

उत्तर बरेचसे तुमचे गाव नेमके कुठे आहे यावर अवलंबून आहे. राधानगरीच्या जवळ असाल तर दरवाजा उघडल्याचा परिणाम लवकर दिसेल. खाली संगमाकडे, प्रयाग चिखलीच्या बाजूला असाल तर कासारी, कुंभी या नद्यांचे पाणीही तुमच्या नदीला मागून रेटते. पुलाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे बरगे (फळ्या) घालून पाणी अडवायचा, बंधारा आहे का, पूल गेल्या दोन मोठ्या पुरांत बुडाला होता का, हेही प्रश्नात आलेले नाही. म्हणून जिथे 'जर' म्हणेन तिथे तुमची परिस्थिती लावून वाचा.

आधी राजाराम बंधाऱ्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा का नाही ते बघू. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलाशी इशारा ४०, धोका ४५. हे आकडे म्हणजे नदीची खोली नव्हे. त्या त्या ठिकाणच्या पट्टीच्या शून्यापासून पाणी किती वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. राजारामच्या ४३ ची सांगलीच्या ४३ शी तुलना करून 'म्हणजे सांगलीला अजून दोन फूट शिल्लक आहे, मग इथे धोका कसा?' असे विचारणारी शिकली-सवरलेली माणसे मला भेटली आहेत. आणि दुसरे म्हणजे राजाराम बंधारा तुमच्या खाली आहे. तिथे जे पाणी दिसते ते तुमच्या गावावरून आधीच गेलेले असते. गेलेल्या एसटीची वेळ विचारण्यासारखे आहे ते.

राधानगरीच्या दरवाजांचा आकडा तुमच्या वरचा आहे, म्हणून तो कामाचा. पण त्याचेही वजन ओळखायला हवे. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण ठरावीक पातळीला भरले की ते आपोआप उघडतात, पाणी उतरले की मिटतात. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक येतात. सातही उघडले तर दहा हजार, वर वीजगृहाचे वेगळे. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, त्या हिशेबाने एक दरवाजा म्हणजे सेकंदाला सुमारे ४० घनमीटर.

आता ढोबळ गणित करू. नदी पात्रात आहे, रुंदी ८० मीटर, वेग सेकंदाला दीड मीटर. तर हे ४० घनमीटर जास्तीत जास्त फूटभर चढ देतील. तीच नदी पात्राबाहेर पडून उसात पसरली, रुंदी ६०० मीटर झाली आणि वेग अर्ध्या मीटरवर आला, तर तोच दरवाजा पाचेक इंच देतो. म्हणजे 'आणखी एक दरवाजा उघडला' या मेसेजने किती घाबरायचे हे नदी आत्ता कुठे आहे त्यावर ठरते. शिवाय धरणाच्या खाली जो पाऊस पडतो, ओढे-नाले आणि उपनद्यांतून जे पाणी येते, त्याला दरवाजाच नाही. आमच्या भाषेत मुक्त पाणलोट. एकही दरवाजा न उघडता गावात पाणी शिरलेले मी पाहिले आहे, आणि 'दरवाजे तर बंद आहेत' म्हणून निवांत झोपलेलेही.

टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफूट या मापाचा, घोळ असतो तोही इथेच मिटवून टाकतो. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होते. राधानगरीचे सातही दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तरी एक टीएमसी पुरते जात नाही. क्युसेक हा वेगाचा आकडा आहे, टीएमसी हा साठ्याचा. मोटारसायकलचा स्पीड आणि टाकीतले पेट्रोल यांची बेरीज होत नाही.

आता पट्टी. आपल्याकडे पट्ट्या नव्हत्या तेव्हाही लोक पाणी मोजतच होते. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी उत्तरेच्या दाराने देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा. नाशिकला गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली, छातीला लागली, यावरून पूर किती मोठा ते ठरते. भाविकांसाठी ते वेगळे काही असेल, मला त्यात उत्तम गेज, म्हणजे पातळी मोजायचे साधन, दिसतो. मारुती जागचा हलत नाही. देवळाचा उंबरा दरवर्षी चार इंच खाली-वर होत नाही. आमच्या लोखंडी पट्ट्यांना हे दोन गुण फार कमी वेळा साधले.

माझीच चूक सांगतो. एका ठिकाणी पुरात पट्टीचा खालचा भाग वाहून गेला. पाणी उतरल्यावर नवीन अँगल रोवून पट्टी परत लावायची होती. पुलाच्या पंखभिंतीवर पांढऱ्या रंगात एक आडवी खूण होती. हाच आपला बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची कायमची खूण, असे धरून मी पातळी घेतली आणि पट्टी बसवली. खूण दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच कामासाठी मारलेली होती. आमचा बेंचमार्क तिच्या नऊ इंच खाली, शेवाळाखाली झाकलेला. पुढचे दोन हंगाम त्या ठिकाणची प्रत्येक नोंद नऊ इंचांनी चुकत राहिली आणि कुणाला पत्ता नाही, कारण आकडे दिसायला अगदी व्यवस्थित होते. रोज चढत होते, रोज उतरत होते. उन्हाळ्यात विसर्ग मोजून आलेखावर बिंदू टाकले तेव्हा सगळेच्या सगळे पातळी-विसर्गाच्या जुन्या रेषेच्या एकाच बाजूला पडले. चूक सगळीकडे विखुरलेली असती तर मोजणाऱ्याला दोष दिला असता. एकाच बाजूला पडले म्हणजे शून्यच सरकले. नशीब एवढेच की पट्टी बदलल्याची तारीख डायरीत होती, म्हणून मागचे आकडे दुरुस्त करता आले.

म्हणून वर्गणीतला पहिला खर्च सेन्सरवर नको. तालुक्यात कुणीतरी सर्व्हेअर असतोच, त्याला ऑटो लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायचे यंत्र) घेऊन एक दिवस बोलवा. पुलापासून थोडे लांब, पुरात न बुडणारी आणि कधी न हलणारी जागा शोधा. देवळाचा दगडी चौथरा, शाळेची जुनी पायरी, असे काही. तिथे छिन्नीने खूण करा. रंगाची खूण नको. अशा खुणा दोन करा, एकमेकांपासून लांब, म्हणजे एक गेली तर दुसरी साक्षीला राहते. मग त्या खुणेपासून पट्टीचे शून्य किती खाली आहे ते मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शून्य उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी पाण्याच्याही खाली घ्या, नाहीतर मे महिन्यात उणे आकडे लिहावे लागतात आणि उणे चिन्ह वहीत हमखास गळते.

पट्टी पुलाच्या खांबाला रंगवता येईल. खांबाच्या वरच्या अंगाला पाणी आपटून फुगते आणि पाठीमागे दबते, तेव्हा खांबाच्या बाजूच्या अंगावर, काठावरून बॅटरीच्या उजेडात वाचता येईल अशा जागी रंगवा. पूल सार्वजनिक बांधकामचा की जिल्हा परिषदेचा ते पाहून आधी पत्र द्या. पुलाला हात लावू देत नसतील तर काठावर पायऱ्यांसारखे अँगल रोवा, खालच्या पट्टीचे वरचे अर्धे मीटर आणि वरच्या पट्टीचे खालचे अर्धे मीटर एकमेकांवर येईल असे. दोन्ही पट्ट्या एकदम पाण्यात असताना आकडा सारखाच येतो का बघा. येत नसेल तर एक अँगल खचलाय. दर वर्षी मे महिन्यात आणि पूर ओसरल्यावर, असे दोनदा खुणेपासून पट्टी तपासा.

एकक एकच ठेवा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण मी तिच्यावर मुद्दाम थांबतो. आपल्याकडे पूर फूट-इंचात बोलतात. ४१ फूट ७ इंच हे मेसेजमध्ये ४१.७ होते. पुढे कुणीतरी ते एक्सेलमध्ये भरतो आणि एक्सेल त्याला ४१ पूर्णांक सात दशांश फूट समजते, म्हणजे ४१ फूट साडेआठ इंच. इथवर दीड इंचाचाच फरक. पण ४१ फूट १० इंच हे ४१.१० झाले की एक्सेलला ते ४१.१ दिसते. मग ९ इंचांवरून १० इंचांवर चढलेली नदी आलेखात आठ दशांश फूट खाली आदळते. पूर उतरला असे वाटते, तिकडे पाणी चढतेय. पट्टी सेंटीमीटरची करा आणि गावाला सांगताना फुटात सांगा, किंवा सगळे फूट-इंचातच ठेवा पण दोन वेगळ्या रकान्यांत. दशांश चिन्ह फूट-इंचाच्या मध्ये येऊ देऊ नका.

वहीत तारीख, वेळ, पातळी, चढते की उतरते, आणि शेरा. शेरा रिकामा ठेवू नका. 'बंधाऱ्याचे बरगे घातले', 'खांबाला झाड अडकलेय', 'काळोखात वाचले, अंदाजे' ही वाक्ये पाच वर्षांनी आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. एरवी सकाळी आठला एक नोंद पुरे. पाणी पात्राच्या काठाला आले की दर तासाला. पावसाचा आकडा टिपणार असाल तर लक्षात ठेवा, हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला संपतो. सात तारखेच्या नावावर दिसणारा पाऊस बहुतेक सहा तारखेला पडलेला असतो. हे न कळल्यामुळे 'पाऊस पडायच्या आधीच नदीला पाणी आले' असे निष्कर्ष काढणारे लोक आहेत.

आता विसर्ग. क्युसेक काढता येतात, पण पातळीवरून थेट नाही. आधी विसर्ग प्रत्यक्ष मोजायचा, तोही वेगवेगळ्या पातळ्यांना, मग पातळी आणि विसर्ग यांची जोडी आलेखावर मांडून त्यातून रेषा काढायची. ही रेषा म्हणजे रेटिंग कर्व्ह. एकदा ती बसली की पातळी वाचली की विसर्ग मिळतो.

घरगुती पद्धत करून बघायची असेल तर ऑक्टोबरात, पाणी निवळल्यावर, गुडघाभर पाण्याच्या आत करा. सरळ, खडक-डोह नसलेला नदीचा तुकडा घ्या. दोन दोऱ्या ३० मीटर अंतरावर आडव्या ताणा. पाण्यात नारळ सोडा. तो बराचसा बुडून तरंगतो, वाऱ्याने भरकटत नाही. दोरी ते दोरी किती सेकंद लागतात ते मोजा. मध्यभागी, डावीकडे, उजवीकडे असे दहा-बारा वेळा करून सरासरी घ्या. समजा ४० सेकंद आले, म्हणजे वेग सेकंदाला ०.७५ मीटर. पण हा वेग पृष्ठभागाचा आहे. तळाशी पाणी घासत चालते, म्हणून ०.८५ ने गुणायचे, झाले ०.६४. रुंदी २४ मीटर आणि दर दोन मीटरला बांबूने मोजलेल्या खोलीची सरासरी ०.४ मीटर आली, तर छेद ९.६ चौरस मीटर. गुणाकार सव्वासहा घनमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे दोनशे क्युसेकच्या थोडा वर. यात पंधरा-वीस टक्के चूक सहज असते. पण शाळेतल्या पोरांना घेऊन एकदा कराच, क्युसेक म्हणजे काय ते परत कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

खात्यात हेच करंट मीटरने करतात. छोटे वाटीचे चक्र पाण्यात फिरते, हेडफोनमध्ये टिकटिक येते, ठरावीक सेकंदांत किती टिक आल्या त्यावरून वेग. नदीचे वीस-पंचवीस उभे भाग पाडतात. उथळ भागात पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर एक वाचन, खोल भागात दोन दशांश आणि आठ दशांश खोलीवर अशी दोन वाचने. पूर्ण व्हायला दोन-तीन तास जातात आणि तेवढ्या वेळात पाणी हातभर चढले तर सगळे फुकट. पुरात हे तुम्ही करू नका. हे हौशी लोकांचे कामच नाही. खात्याची माणसेही त्यात वाहून जाता जाता वाचली आहेत.

बरे, रेषा काढली तरी ती कायमची नसते. पुराने तळ खरवडला, वाळू उपसली, बेट तयार झाले की रेषा सरकते. तुम्ही दोनशे क्युसेकपर्यंत मोजलेय आणि रेषा फूटपट्टीने पुढे वाढवून वीस हजार वाचताय, तर तो आकडा तुमचा आहे, नदीचा नाही. आणि बंधाऱ्याला बरगे घातले की त्याच्या वरची पातळी विसर्गाबद्दल काहीच सांगत नाही. पाणी तुडुंब दिसते, वाहत काही नसते.

याहून मोठी अडचण फुगवट्याची. तुमची भोगावती पुढे पंचगंगेत जाते, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरून असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येते. विसर्ग तेवढाच, किंवा कमीही झालेला, तरी पातळी चढलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दिवसेंदिवस उतरायला तयार नव्हते. २०२१ च्या जुलैमध्ये दोन-तीन दिवसांच्या पावसात ते त्याहून वेगाने चढले. दोन्ही पूर लोक 'महापूर' या एकाच शब्दात बोलतात, पण पाण्याची चाल वेगळी होती. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाणी फुगते का, हा वाद मी इथे काढत नाही, त्यावर वाचायला भरपूर आहे. मला एवढेच सांगायचेय की एका पट्टीवरची एक पातळी बघून पाणी वाहतेय की तुंबलेय हे कळत नाही. त्याला वर-खाली दोन पट्ट्या लागतात. दोन्हींतला फरक वाढला तर पाणी पळतेय, कमी झाला तर तुंबतेय. फुगवटा नसतानाही चढत्या पुराला आणि उतरत्या पुराला सारख्याच पातळीवर विसर्ग सारखा नसतो. चढताना पुढे उतार जास्त असतो, म्हणून जास्त पाणी जाते.

आता दोन पट्ट्यांचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या पुलावरचा सेन्सर तुम्हाला तेच सांगेल जे पुलावर छत्री घेऊन उभा राहिलेला माणूस सांगतो. त्याला पाणी आलेले दिसते, येणारे दिसत नाही. येणारे पाणी वरच्या गावाला दिसते. म्हणून दुसरी पट्टी, आणि सेन्सर घ्यायचाच तर तो सेन्सरही, तुमच्या वर दहा-पंधरा किलोमीटरवर बसवा. तिथल्या मंडळाशी बोला, त्यांनाही त्यांच्या वरच्या गावाची हीच गरज असणार.

मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहायचे. समजा वरच्या पुलावर रात्री दहाला पाणी १८ फूट ६ इंचांवर थांबले आणि तिथून उतरायला लागले. तुमच्याकडे पहाटे तीनला २१ फूट २ इंचांवर थांबले. एक बिंदू मिळाला: वर साडेअठरा तर खाली सव्वाएकवीसच्या आसपास, पाच तासांनी. एका पावसाळ्यात असे आठ-दहा चढ-उतार मिळतात. आलेखाच्या कागदावर मांडा, हाताने रेषा काढा. केंद्रीय जल आयोगाने पुराचे अंदाज वर्षानुवर्षे अशाच पातळीला पातळी जोडणाऱ्या आलेखांवर दिले. संगणकाची प्रारूपे नंतर आली. यात क्युसेक कुठेच लागत नाहीत, आणि तळ थोडा सरकला तरी दोन-तीन नव्या बिंदूंत ते दिसते.

दोन गोष्टी सांभाळा. पाणी पात्राबाहेर गेले की पोहोचायचा वेळ वाढतो, कारण ते आधी शेते भरते. म्हणून पात्रातले आणि पात्राबाहेरचे बिंदू वेगळ्या रंगाने टाका. दुसरे, दोन पट्ट्यांच्या मध्ये तुळशीसारखी नदी मिळत असेल तर रेषेवर भरवसा कमी ठेवा. त्या नदीला जोराचे पाणी असेल त्या दिवशी तुमचे बिंदू रेषेच्या वर पडतील. तिसरी पट्टी त्या नदीवर हवी. ती जमेपर्यंत निदान शेऱ्यात 'तुळशीला पाणी मोठे' असे लिहा.

राहिला सेन्सर. बाजारात तीन प्रकार दिसतील. अल्ट्रासॉनिक स्वस्त, आवाजाचा पडसाद मोजतो. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर बदलतो. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर सुमारे पावणेदोन टक्के. पुलापासून पाणी आठ मीटर खाली असेल तर ही चूक १४ सेंटीमीटर. उन्हात तापलेल्या डब्यातला थर्मामीटर हवेचे नव्हे, डब्याचे तापमान सांगतो, त्यामुळे 'आपोआप दुरुस्ती' या जाहिरातीवर फार विसंबू नका. एका ठिकाणी तर नदी आठवडाभर एकाच आकड्यावर. चढून पाहिले तर कुंभारीण माशीने भोंग्यात मातीचे घर बांधलेले.

दाबाचा सेन्सर पाण्यात सोडतात. हवेचा दाब एक मिलिबारने बदलला की एक सेंटीमीटर पाण्याएवढा फरक पडतो, आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत, नेमके हवे तेव्हाच, दाब उतरलेला असतो. म्हणून केबलमध्ये हवेची बारीक नळी असलेलाच घ्या. नळीच्या तोंडाशी निळ्या सिलिका जेलची डबी असते. जेल गुलाबी झाले की बदलायचे, नाहीतर नळीत पाणी धरते. आपल्या पावसात ते महिन्याभरात गुलाबी होऊ शकते. शिवाय गाळ आणि वाहून येणारी झाडे.

रडार सगळ्यांत बरा. तापमानाशी त्याला देणेघेणे नाही, पाण्याला तो शिवत नाही. जलमापनासाठी बनवलेले संच तुमच्या वर्गणीत बसणार नाहीत. टाकीतली पातळी मोजायचा साधा रडार कदाचित बसेल. लावाल तर पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी पुढे जाते त्या बाजूला लावा, वरच्या अंगाला ओंडके येऊन आपटतात. दोन खांबांच्या मधोमध, खांबापासून लांब. २०१९ आणि २०२१ मध्ये पूलच बुडाला असेल तर पुलावर लावून उपयोग नाही, खांब उभारून वर न्यावा लागेल. सोलर पॅनेल हिशेबापेक्षा मोठे घ्या, जुलैमध्ये सलग आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरही बसतो. सेन्सर जिवंत असेल, मेसेज निघणार नाही. त्यामुळे कुठलाही प्रकार घेतला तरी माणसाने पट्टी वाचायची थांबवायची नाही. दर आठवड्याला सेन्सरचा आकडा पट्टीशी ताडून बघा आणि फरक वहीत लिहा.

सरकारी माहिती फुकट आहे, ती सोडू नका. जलसंपदा विभागाची कृष्णा खोऱ्यातली स्वयंचलित केंद्रे आणि केंद्रीय जल आयोगाचे पूर अंदाजाचे संकेतस्थळ पावसाळ्यात रोज बघा. तुमच्या वरच्या बाजूला एखादे केंद्र आधीच असेल तर वरच्या पट्टीचा निम्मा खर्च वाचला. आणि तुमचे आकडे पोलीस पाटील आणि तलाठ्यांना देत राहा, पण धोक्याचा इशारा मंडळाच्या नावाने देऊ नका. ते काम प्रशासनाचे आहे. तुम्ही पातळी सांगा.

सर्व्हेअर लेव्हल घेऊन येईल त्याच दिवशी आणखी एक काम उरकून घ्या. २०१९ आणि २०२१ चे पाणी कुणाच्या कुठल्या पायरीला, कुठल्या खिडकीला लागले होते ते घरोघर विचारा. भिंतीवर चिखलाची रेघ अजून असेल. त्या खुणांची पातळी तुमच्या पट्टीच्या आकड्यात काढा. मग नदीकाठच्या प्रत्येक मोटारीच्या फाउंडेशनची पातळी काढा आणि तो आकडा तिथल्याच भिंतीवर ऑइल पेंटने लिहा. १७, १९ फूट ६ इंच, २१, जो असेल तो. रात्री वरच्या गावातून मेसेज येईल, 'साडेअठरा, चढतेय'. कागदावरची रेषा म्हणेल, पहाटे तीनला सव्वाएकवीस. ज्याच्या भिंतीवर २१ लिहिलेय त्याला तेवढ्यात उठवा. मोटार सोडवून, ट्रॅक्टरवर घालून घरी आणायला दोन तास लागतात.